आबकारी काकांस सादर कैफियत

पोर्टलंड, ओरेगॉन

तीर्थस्वरूप भाऊकाका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र पावले. 'तुमच्या पुतण्याने अमेरिकेत घराच्या तळघरात भट्टी लावली आहे' अशी वर्दी कोणा परोपकारी आप्ताने सातारच्या घरी पोचवली. सेवानिवृत्त होऊन इतकी वर्षे लोटली तरी ज्यांच्या अंगातून आबकारी खाते अद्याप निवृत्त झालेले नाही अशा आपण त्या वर्दीवरून परवाना कोणाचा, माल कोणता, साठा किती आणि विक्री कोठे, असे चार प्रश्न अनुक्रमांक घालून विचारलेत, हे आपल्या लौकिकास साजेसेच झाले. उत्तरे मात्र अनुक्रमाने येतीलच अशी हमी देता येत नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

प्रथम भट्टीचा आरोप नाकारतो. आपण ज्या हातभट्ट्यांवर छापे घातलेत तेथे गूळ-नवसागराचे कच्चे रसायन आंबवून चुलीवर चढवीत आणि त्याची वाफ थंड करून दारू गाळीत. आमच्याकडे आंबवणे आहे, गाळणे नाही, आणि हा भेद येथील कायद्यासही मान्य आहे. या देशाने १९२० साली संपूर्ण दारूबंदी करून पाहिली आणि १९३३ साली ती उठवली. पण घरी द्राक्षासव करण्याची मुभा देताना बिअरचा उल्लेख राहून गेला, तो तब्बल पंचेचाळीस वर्षे. अखेर ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांची विधेयकावर सही झाली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून एकच प्रौढ असलेल्या घरास वर्षाकाठी १०० गॅलन, व दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन बिअर करमाफ ठरली. त्यातही राज्यांना आपापली आडकाठी घालण्याची मोकळीक होतीच, आणि अलाबामा व मिसिसिपी या दोन राज्यांनी ती २०१३ सालापर्यंत इमानाने घातली. २०० गॅलन म्हणजे सुमारे ७५७ लिटर. कायद्याच्या दृष्टीने आपल्या सूनबाईंचे या घरातील वास्तव्य मला १०० गॅलनांचे पडते, ही गोष्ट मी कौतुकाच्या भावनेने तिच्या कानावर घातली. तिने ती त्या भावनेने घेतली नाही.

विक्रीस सक्त मनाई आहे. एक बाटलीही विकता येत नाही, सबब ती वाटावी लागते, आणि वाटण्याची बातमी आमच्या महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या बातमीपेक्षा लवकर पसरते.

आता मालाविषयी. सातू भिजवून, मोड आणून, वाळवून जे माल्ट होते ते दुकानातून भरडून आणायचे. ६६ अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या पाण्यात तासभर मुरवायचे, म्हणजे मोड येताना दाण्यात सिद्ध झालेली एन्झाइमे पिठाची साखर करतात. तो गोड रस निथळून घेऊन, हॉप्सची कडू फुले घालून तासभर उकळायचा, झटपट गार करायचा आणि काचेच्या मोठ्या बुधल्यात भरून त्यात यीस्ट सोडायचे. इतके सांगितले की कृती संपली, आणि ऐकणाऱ्यास ती एका दुपारची करमणूक वाटते. वस्तुस्थिती अशी की त्या दुपारचा बहुतांश काळ भांडी घासण्यात जातो. गार झालेल्या रसास हवेतला एखादा उनाड जंतू शिवला तरी आंबटपणाचा दोष लागतो, म्हणून बुधला, नळ्या, चाळणी, बुचे आणि स्वतःचे हात जंतुनाशकात बुडवल्यावाचून कशासही स्पर्श करता येत नाही, आणि एकदा स्पर्श केला की मग नाकाची खाज, टेलिफोन आणि दारी आलेला पाहुणा ही तिन्ही परकी होतात. आजीने मला सोवळे शिकवण्यात उमेदीची वर्षे खर्ची घातली आणि अखेर हात टेकले; तिचा नातू आज स्वयंपाकघराच्या दारात ओले हात वर धरून 'शिवू नका रे' म्हणून ओरडत असतो, आणि ते कशापायी, हे पाहण्यास ती हयात नाही, हे तिच्या दृष्टीने बरेच झाले म्हणायचे.

आपणांस समाधान वाटावे अशी एक बाब नमूद करतो. आपल्या कपाटात मखमली अस्तराच्या पेटीत साइक्सचा पितळी हायड्रोमीटर आहे (जो निवृत्तीच्या वेळी सरकारजमा व्हायचा बहुधा राहून गेला असावा), त्याचा काचेचा भाऊबंद माझ्याही टेबलावर आहे. यीस्ट घालण्यापूर्वी रसाची घनता १.०४८ भरली आणि पुढे ती १.०१० वर स्थिरावली, तर मद्यार्क आकारमानाने सुमारे ५ टक्के, हे गणित मी वहीत मांडतो, आणि त्याच वहीत तारीख, तपमान, हॉप्सचे वजन व वास यांचीही रुजुवात ठेवतो. पिण्याच्या हौसेने या मार्गास लागलेल्या माणसाचा या छंदाने कारकून करून सोडला आहे: शनिवारी रात्री मित्रमंडळी घोट घेत असतात तेव्हा मी फेस किती वेळ टिकला ते टिपत असतो.

पाण्याचा महिमा मात्र खरोखर सांगण्यासारखा आहे. इंग्लंडातील बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावच्या विहिरींचे पाणी जिप्समयुक्त, म्हणजे चिरोडीचे, त्यामुळे तेथील बिअरमध्ये हॉप्सचा कडवटपणा कसा स्वच्छ उमटतो. त्याच गावची पिंपे एकोणिसाव्या शतकात साहेबाची तहान भागवण्यास आपल्या मुलखात उतरत. उलट बोहेमियातील पिल्झेनचे पाणी अत्यंत मृदू. तेथील बिअर एकेकाळी इतकी बिघडली होती, की १८३८ साली संतप्त नागरिकांनी ३६ पिंपे भर रस्त्यात ओतून दिली (मुद्देमाल नष्ट करण्याची ही पद्धत आपणांस पसंत पडेल). मग नवा कारखाना उभारून योझेफ ग्रोल नावाचा बव्हेरियन कारागीर बोलावला, आणि १८४२ साली त्याने जी सोनेरी, पारदर्शक बिअर काढली तिच्या नकला आज जगभर खपतात. आमच्या नळास बुल रन खोऱ्याचे पाणी येते, तेही असेच मृदू. तेव्हा पिल्झेन येथे आयते वसते आणि बर्टन करायचे तर पाण्यात चिरोडी कालवावी लागते, जे करताना मला चि. धाकटीने पाहिले आणि रांगोळी पिण्याची नाही, असे समजावून सांगितले.

शेजारी एक वयोवृद्ध जर्मनवंशीय गृहस्थ राहतात. १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकने इंगोलश्टाट येथे काढलेला हुकूम, की बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये, ते काल सुटलेल्या सरकारी परिपत्रकासारखा पाळतात. त्या हुकुमात यीस्टचा उल्लेखच नाही, हे मी एकदा नम्रपणे निदर्शनास आणले, तेव्हा ते बराच वेळ कुंपणाकडे पाहत राहिले. खरा तंटा पेटला तो बेल्जियन धाटणीच्या गव्हाच्या बिअरवरून. हुगार्डन गावी ही जात नामशेष झाली होती. दूधविक्या पिएर सेलिस याने १९६० नंतरच्या दशकात ती पुन्हा उभी केली. तीत न मोडवलेला गहू, संत्र्याची साल आणि, काका, धणे पडतात. येथील दुकानात धण्यांची चिमूटभर पुडी ज्या किमतीस मिळते ती ऐकून काकू डोळ्यांस पदर लावतील. शिवाय आपल्याकडचे लांबट धणे अधिक लिंबूगंधी, म्हणून जाणकार तेच शोधतात. मी काकूंनी दिलेल्या डब्यातले १५ ग्रॅम भरडून घातले. गृहस्थांनी पेला उजेडात धरला, हुंगला, आणि ही बिअर नव्हे असा निवाडा दिला. मात्र 'मसालेदार सरबत' या सदराखाली ती पिण्यास त्यांची हरकत नव्हती, आणि त्या सदराखाली त्यांनी त्या संध्याकाळी बरेच सरबत प्यायले.

सासूबाई येथे मुक्कामास होत्या तेव्हा थंडी कडक, म्हणून बुधल्यास गोधडी गुंडाळून त्यांच्याच खोलीच्या कोपऱ्यात ठेवला होता. त्याच्या बुचातील पाणी भरलेल्या वाकड्या नळीतून वायूचा बुडबुडा ठरावीक अंतराने 'बुळुक्' करून सुटतो. पहिल्या रात्री त्या दचकल्या, पण पुढे त्या तालावर जपमाळ ओढू लागल्या. यीस्ट थकून बुडबुडे मंदावले तसा जपही मंदावला, तेव्हा त्यांनी मला बोलावून, 'याला काही खायला घाला', अशी आज्ञा केली.

नमुना रासायनिक पृथक्करणासाठी पाठवावा, असे आपण लिहिता. परंतु येथील टपालखाते मद्य स्वीकारीत नाही. तरी उन्हाळ्यात काकूंसह येऊन प्रत्यक्ष पाहणी करावी, वही, साठा व आरोपी तिन्ही हजर ठेवतो. येताना लांबट धणे अर्धा किलो आणावेत, भाजलेले किंवा कुटलेले नकोत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक
पुतण्या

ता. क. सातूचा जो चोथा उरतो तो वाळवून, दळून सूनबाई त्याची थालीपिठे लावते. ती खमंग होतात, पण टरफले दातांत अडकतात. काकूंना यावर काही उपाय ठाऊक असल्यास उलट टपाली कळवावा.