अपरिग्रहाची लांबी

टेक्सासातील वास्तव्य आटोपून बंगळुरास परतलेल्या आमच्या एका मराठी स्नेह्यांनी पूर्ण आकाराच्या पिकअपचा मोह त्यागून मध्यम आकाराची पिकअप पत्करली, आणि या कृत्यास ते सांप्रत अपरिग्रहाचे व्रत म्हणवितात. व्रतासाठी निवडलेली गाडी म्हणजे शेजारच्याच बिडदीच्या कारखान्यात तयार होणारी, 2022 पासून येथे विकली जाणारी टोयोटाची हायलक्स. लांबी 5325 मिलिमीटर. अमेरिकेतील फोर्ड एफ-150 तिच्याहून सुमारे अर्धा मीटर लांब असते, हे मान्य. परंतु चार मीटरांच्या आतील लहान इंजिनाच्या मोटारीस करात सवलत देण्याचा सरकारी शिरस्ता जेथे 2006 पासून चालू आहे, तेथे हा संयम फॉर्च्युनरपेक्षाही हातभर लांब भरतो.

मल्लेश्वरमच्या आडरस्त्यात ही नम्रता वळू लागली की दोन रिक्षा, एक शहाळेवाला आणि एक गाय यांना माघार घ्यावी लागते. आणि तिच्या प्रशस्त हौद्यात योगासनाची चटई व कोथिंबिरीची जुडी एवढाच सरंजाम विराजमान असतो. तेवढ्या अवधीत के. आर. मार्केटाबाहेरून, 2005 साली अवतरलेला आणि जेमतेम 3.8 मीटर लांबीचा टाटांचा ‘छोटा हत्ती’ शेवंतीच्या करंड्या काठोकाठ भरून, कोणतेही व्रत न घेता, निघूनही गेलेला असतो.

त्यागाचे मोजमाप घराच्या फाटकाबाहेर गाडी किती उरली यावरून व्हावे, अशी आमची शिफारस आहे. स्नेह्यांचा त्याग तूर्त दोन विती कमी पडतो.