मावशीची नोंद ‘डिलिवरी’मध्ये

मा. सेक्रेटरीसाहेब,
आमची (म्हणजे मुख्यत्वे तुमची) सहकारी गृहनिर्माण संस्था,
घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)

स.न.वि.वि.

प्रथम आपलं अभिनंदन. आपण मोठ्या हौसेनं गेटवर आणलेल्या ॲपनं गेल्या शनिवारी एका घुसखोराला पाऊण तास रोखून धरलं. घुसखोराचं वर्णन: वय 78, पाचवारी साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात ओल्या नारळाच्या करंज्या. राहणार डोंबिवली पूर्व. फ्लॅट 1104 शी संबंध: माझी सख्खी मावशी.

घटनाक्रम सविस्तर सांगतो, कारण तुमच्या ॲपच्या दप्तरी तो वेगळाच नोंदला गेला आहे. वॉचमननं मावशीला आधी मोबाईल नंबर विचारला. मावशीकडे बटणांचा फोन आहे. स्वतःचा नंबर कुणाला पाठ असतो? तिनं तो पाकिटातल्या चिठ्ठीवरून वाचून दाखवला. मग ओटीपी आला. तोही इंग्रजीत. मावशीच्या लेखी फोनवरचा मेसेज म्हणजे बँकेची कटकट, तो उघडायचा नसतो, हे आम्हीच तिला फसवणुकीच्या बातम्या दाखवून दाखवून शिकवलंय. ‘ओटीपी कुणाला सांगू नये’ हे तिनं त्या पोराला ठणकावून सांगितलं. रिझर्व्ह बँकेला अभिमान वाटावा अशी ग्राहक, आणि तुमच्या गेटवर तीच संशयित.

पोरगा नवा होता. स्क्रीनवर त्याच्यापुढे चार चौकोन: गेस्ट, डिलिवरी, कॅब, सर्व्हिस. ओटीपीशिवाय गेस्ट पुढे सरकेना. समोर बाई, बाईच्या हातात पिशवी, पिशवीत डबा. त्यानं ‘डिलिवरी’ दाबलं. ॲपनं विचारलं, कंपनी कुठली? नाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हणे. यादीत पिझ्झावाले होते, औषधवाले होते, दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणारे होते. डोंबिवलीची मावशी नव्हती. त्यानं ‘अदर्स’ निवडलं, तिचा फोटो काढला आणि मला निरोप धाडला: ‘अदर्सकडून तुमची डिलिवरी आली आहे.’

तो फोटो माझ्याकडे आहे. खालून वर धरून काढलेला. त्यात मावशीची हनुवटी आहे, चष्म्याच्या काचेत चमकणारी ट्यूबलाइट आहे आणि मागे ‘सीसीटीव्हीची नजर आहे’ ही पाटी आहे. मावशी हसली आहे. फोटो काढतायत म्हटल्यावर ती पदर नीट करून हसली, कारण तिच्या जगात फोटो आपली माणसं काढतात.

निरोप आला तेव्हा मी मुलुंड आणि ठाण्याच्या मधे लोकलच्या दारात होतो, दोन्ही हात वर. घरी बायको होती, पण फ्लॅटच्या कुटुंबात तिचं नाव घालायची विनंती तुमच्याच मंजुरीसाठी तीन महिने पडून आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली, हा पुरावा ॲप स्वीकारत नाही. मग ॲपनं आपल्या आपण मला फोन लावला आणि एक बाई इंग्रजीत बोलून गेली. शेवटी स्क्रीनवर आलं, ‘नो रिस्पॉन्स’. मावशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.

आता इंटरकॉमचं बोलू. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो होता. वॉचमन 1104 फिरवायचा, घंटा वाजायची, आतून ‘अगंबाई, पाठवा की वर’ असा आवाज यायचा, विषय संपला. त्याला नेट लागत नव्हतं, चार्जिंग लागत नव्हतं, आणि उचलणारा घराचा मालक आहे की घरी आलेला पाहुणा, ह्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. घरात जो असेल तो उचलायचा. तो तुम्ही काढलात. वर्षाच्या देखभालीचा खर्च वाचतो म्हणून आधी करार बंद केला, मग वायरी काढल्या, आणि सर्क्युलर काढलंत: ‘आपण आता डिजिटल झालो आहोत.’ भिंतीवर चार स्क्रूंची भोकं आणि एक पांढरा चौकोन राहिलाय. रंगकाम झालं त्या वर्षीही तो नीट झाकला गेला नाही.

पुढचं ऐका. शेवटी जुन्या वॉचमननं मावशीला ओळखलं आणि सोडलं. पण नोंद डिलिवरीची होती, आणि डिलिवरीवाल्यांनी मुख्य लिफ्ट वापरायची नाही हा नियम तुम्हीच पाटीवर रंगवून घेतलाय. नव्या पोरानं नियम पाळला. माझी मावशी सर्व्हिस लिफ्टनं वर आली, एक डबल बेडची गादी आणि ती वाहणारे दोन जण ह्यांच्यासोबत. तिला काही वावगं वाटलं नाही, हे सगळ्यांत वाईट. म्हणाली, “मोठ्या बिल्डिंगांत असंच असतं रे.” डोंबिवलीहून ठाण्याला लोकलनं वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तुमच्या गेटपासून लिफ्टपर्यंत त्याहून जास्त लागली. त्याच वेळात आमच्या मजल्यावरच्या एकाचं मोबाईलचं कव्हर खोक्यात बसून आलं आणि थेट वर गेलं. त्या कंपनीला ‘ऑटो अप्रूव्ह’ आहे. मावशीला ऑटो अप्रूव्ह करायची सोय कुठे आहे, सांगाल?

तुम्ही म्हणाल, ह्या माणसाला नव्याचं वावडं आहे. साहेब, मी भाजी स्कॅन करून घेतो, लोकलचं तिकीट मोबाईलवर काढतो. पण यूपीआय 2016 मध्ये आलं म्हणून मानपाड्याच्या भाजीवालीनं नोटा घेणं बंद केलं नाही. रेल्वेनं मुंबईच्या लोकलचं तिकीट 2014 च्या अखेरीस मोबाईलवर आणलं, खिडकीला कुलूप घातलं नाही. इतकंच काय, 2022 मध्ये बटणांच्या फोनवरूनही यूपीआयनं पैसे देता यावेत म्हणून ‘यूपीआय 123 पे’ काढलं. म्हणजे मनात आणलं तर माझी मावशी तिच्या त्या फोनवरून देशात कुणालाही पैसे पाठवू शकते. आमच्या बी विंगमध्ये मात्र येऊ शकत नाही. नव्याला माझी ना नाही. जुनं उपटून मग नवं लावायची जी घाई तुम्हाला झाली होती, तिला आहे.

आणि घाई कशापायी? पार्किंगमधून दोन सायकली गेल्या म्हणून. त्या सायकली नंतर कुठे सापडल्या, हे मिनिट्समध्ये आलेलं नाही, म्हणून इथे लिहितो: ए विंगच्या गच्चीवर. आपलीच पोरं होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

ॲपवर कर्जाच्या जाहिराती येतात. मेंटेनन्स भरायला गेलं की वर ‘सुविधा शुल्क’ लागतं. दर आठवड्याला अपडेट मागतं. मराठीत तक्रार लिहिली तर ती चौकोन-चौकोन दिसते. हे सगळं मी एका परिच्छेदात माफ केलं.

एक गोष्ट माफ करणार नाही. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना तुमच्या ॲपवर 3.8 तारे आहेत. पाचपैकी. त्यांचा फोटो आहे, त्या कुठल्या कुठल्या घरी काम करतात ती यादी आहे, किती वाजता आत आल्या, किती वाजता बाहेर पडल्या हे महिन्याभराचं आहे, आणि हे सोसायटीतला कुणीही सोम्यागोम्या चहा पिता पिता बघू शकतो. ताईंना हे माहीतच नाही. मी सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “म्हणजे कोणी काय दिलंय?” आणि मग काहीच बोलल्या नाहीत, लाटत राहिल्या. कुणी दिले ते तारे? दिवाळीत बोनस मागितला म्हणून एक तारा कमी करणारी कोण माणसं आहेत इथे? लाज वाटत नाही? बाई रोज पाच घरच्या कणकेत हात घालते, आणि तुम्ही तिला हॉटेलसारखं रेटिंग देता! ताईंना आपल्यातल्या एकाही घराला तारे देता येत नाहीत. आले असते तर काही फ्लॅटचे भाव पडले असते.

आवाज चढला, माफ करा. नाही, करू नका.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ती याचिका केलेले के. एस. पुट्टस्वामी हे स्वतः निवृत्त न्यायमूर्ती होते, आणि 2012 मध्ये कोर्टाची पायरी चढताना त्यांनी ऐंशी ओलांडली होती. म्हातारी माणसं तुमच्या गेटवर मुकाट बसतात म्हणून सगळीकडेच बसतील असं नाही. पुढे 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. माहिती घेताना संमती मोकळेपणानं दिलेली आणि समजून-उमजून दिलेली हवी, आणि सूचना घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळण्याची सोय हवी, असं तो म्हणतो. मराठी त्या अनुसूचीत आहे, तुम्ही तपासून पाहा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि मुख्य तरतुदींसाठी 18 महिन्यांची मुदत दिलीय. मुदत तयारीसाठी असते. मावशीच्या हनुवटीचा फोटो कुठल्या सर्व्हरवर आहे, किती दिवस राहणार आहे, कोण पुसणार आहे, हे तुम्हाला विचारलं तर तुम्ही सेल्समनचा नंबर द्याल. तो आता दुसऱ्या कंपनीत आहे.

डोंबिवलीच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये पाळत नव्हती असं मी म्हणणार नाही. तळमजल्यावरच्या काकूंपुढे तुमचं ॲप पाणी भरेल. कोण आलं, कशाला आलं, किती वेळ बसलं, जाताना हातात काय होतं, सगळं त्यांना ठाऊक असे. पण काकू पाहुण्याला आधी पाणी द्यायच्या आणि मग चौकशी करायच्या. शिवाय काकूंचं चुकलं तर त्यांच्याशी भांडता यायचं. ‘अदर्स’शी कसं भांडू?

त्या नव्या पोरावर मात्र राग काढू नका. बारा तासांची ड्युटी, हातातल्या फोनची काच फुटलेली, तो टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेला आणि कायम चार्जिंगला. फोन फुटला तर पैसे त्याच्या पगारातून कापतात असं ऐकलं. खरं असेल तर तेही सभेत विचारणार आहे. कल्याणला खडकपाड्याला माझ्या मेव्हण्याच्या सोसायटीतला वॉचमन ॲपमध्ये नोंद करतो आणि मग तीच जुन्या वहीतही लिहितो. विचारलं तर म्हणाला, “साहेब, चौकशी आली तर हे बंद पडलेलं असतं.” सुरक्षेचा तेवढा विचार आपल्या अख्ख्या कमिटीनं केलेला नाही.

आणि तरीही, साहेब, मला तुमची दया येते. खरंच येते. मे महिन्यात रात्री एक वाजता पाण्याच्या टँकरशेजारी लुंगीवर उभे राहून पाइप धरणारे तुम्ही मी गॅलरीतून पाहिलेत. पार्किंगच्या भांडणात दोन्ही बाजू तुम्हालाच शिव्या घालतात. लिफ्ट बंद, तुम्हाला फोन. गच्ची गळते, तुम्हाला फोन. ह्या कामाला पगार नाही, आणि निवडणुकीला दुसरा कुणी उभा राहत नाही, मीही राहिलेलो नाही. अशा माणसापुढे कुणी टाय लावून येतो, पहिलं वर्ष फुकट म्हणतो आणि सांगतो की आता गेटची चिंता मिटली, तेव्हा तो माणूस सही करणारच. आणि मिटली का? ॲपचा सर्व्हर बसतो तेव्हा वॉचमन ज्या एकमेव नंबरवर फोन करतो, तो तुमचाच आहे. मध्यरात्री दोनला कुणाच्या तरी कॅबसाठी तुम्ही झोपेतून उठून ‘सोड रे त्याला’ म्हणता, हे मला त्याच पोरानं सांगितलं. म्हणजे इंटरकॉम गेला नाही, साहेब. तो तुमच्या उशाशी बसवलाय.

तर आता कामाचं. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिच्या विषयपत्रिकेवर माझा ठराव घ्यावा. एक, गेटवर इंटरकॉम परत बसवावा; ॲप ज्याला हवं त्यानं वापरावं. दोन, घरकामाला येणाऱ्या कुणाचेही तारे, वेळा आणि घरांची यादी सभासदांना दिसू नये. आजवरचे तारे पुसावेत, आणि पुसल्याचं त्या बायकांना मराठीत लेखी द्यावं. तीन, पासष्टच्या वरच्या माणसाला गेटवर मोबाईल नंबर विचारू नये, नाव आणि फ्लॅट विचारावा. चार, सर्व्हिस लिफ्टमध्ये माणसांना त्यांच्या मर्जीविरुद्ध घालू नये.

अनुमोदक म्हणून सी विंगच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी सही केली आहे. खर्चाचं कोटेशन सोबत जोडलंय. ते सुविधा शुल्कात वर्षभरात जातं त्याहून कमी आहे. हे पत्र ॲपच्या ‘कंप्लेंट’मध्ये टाकलेलं नाही. कागदावर आहे, पोच द्यावी.

आपला,
फ्लॅट 1104, बी विंग