पार्किंगमधलं श्रोतृमंडळ

बदलापूरच्या थंडीबद्दल मुंबईकराला काही सांगायला जाऊ नये. तो हसतो. पण डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे आमचा पारा १०-११ अंशांपर्यंत उतरतो, हे खरं आहे. समुद्र लांब, उल्हास नदीचं खोरं, एका अंगाला चंदेरी-तावलीचे डोंगर. रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन भराभर निवते आणि गार हवा खोऱ्यात साचून राहते. या थंडीचा आम्हांला अभिमान आहे आणि उपयोगही. दही लागलं नाही? थंडी. पोरगं शाळेत उशिरा पोचलं? थंडी. रविवारी सकाळी गाडीला सेल्फ मारल्यावर बॉनेटखालून भलतंच काहीतरी खडखडलं? थंडीच, दुसरं काय.

इंजिनाला या थंडीचं तेवढं कौतुक नाही. चालत्या इंजिनातलं कूलंट ९० अंशांच्या आसपास असतं. त्या हिशेबाने जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत फार डावं-उजवं करायला नको. गारठ्यात ऑइल जरा जास्त घट्ट होतं आणि बॅटरी जरा जास्त कण्हते, एवढंच. रात्रभर उभी राहिलेली गाडी भर वैशाखातही गारच. खरा प्रश्न ती किती वेळ उभी होती हा असतो, आणि तिथे आमच्या पट्ट्याची तऱ्हा न्यारी आहे.

उल्हासनगरच्या व्यापाऱ्याची गाडी रोज दुकानाच्या दारात उभी असते. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराचीही रोज पळते. पण बदलापूरच्या नोकरदाराची? तो सोमवार ते शनिवार लोकलने जातो. गाडी हप्त्याने घेतलेली, कव्हराने झाकलेली, खांबाला खेटून उभी. इंजिनातलं ऑइल एव्हाना निथळून पार खाली चेंबरमध्ये जाऊन बसलेलं असतं, वरच्या भागात नुसता पुसट थर. रविवारी किल्ली फिरवली की पंप ते ऑइल वर चढवेपर्यंत क्षण-दोन क्षण लोखंडाची गाठ जवळजवळ लोखंडाशीच पडते. इंजिनाच्या तक्रारी त्या क्षणांत ऐकायला मिळतात. पुढे ऑइल सगळं सांभाळून घेतं.

या तक्रारी ऐकायला आमच्या सोसायटीत माणसांची कमतरता नाही. रविवारी साडेआठला एखादी गाडी वेडावाकडा आवाज करून सुरू झाली, की पेपर वाचणारा पेपर घेऊनच खाली येतो. बॉनेट उघडलं जातं. मग प्रत्येक जण हात मागे बांधून आत डोकावतो आणि आपापल्या स्वभावाप्रमाणे ऐकतो. विमा कंपनीतले शेजारी लगेच ‘इंजिन काम निघणार’ म्हणतात. पहिल्या मजल्यावरचा पोरगा मोबाइलवर व्हिडिओ काढतो. ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांची मतं सर्वांत ठाम असतात.

या मंडळात जाणकार म्हणावा असा माणूस एकच. काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झाले. ते येतात तेव्हा त्यांच्या हातात फूटभर लांबीचा पेचकस असतो. त्याची मूठ कानाच्या पुढच्या हाडावर दाबायची आणि टोक इंजिनाच्या अंगावर ठेवायचं. आधी टॅपेटच्या कव्हरवर, मग चेनच्या बाजूला, मग अल्टरनेटरच्या बुडाशी. पट्टा फिरतो तिथून हात चार बोटं लांब ठेवतात. ऐकताना डोळे मिटतात आणि डावा हात आमच्याकडे वळवून पंजा उघडा धरतात; ती आम्ही गप्प बसावं म्हणून केलेली सूचना असते. पण त्यांची खरी करामत पेचकसाआधीची. सेल्फ मारला रे मारला की काका मोठ्याने आकडे मोजायला लागतात. “एक... दोन... तीन...” आवाज कसला, हे ते विचारतच नाहीत. आवाज कितव्या आकड्याला थांबला, एवढंच त्यांना हवं असतं.

मला हे शास्त्र पूर्ण पटलं आहे. टकटक, खडखड, किरकिर हे वर्णन ज्याच्या-त्याच्या कानाप्रमाणे बदलतं. घड्याळ बदलत नाही.

वरून बारीक टकटक आली आणि दोन-तीनला थांबली, तर टॅपेटला ऑइल पोचायला उशीर झाला. इंजिनाच्या एका बाजूने साखळी आपटल्याचा आवाज आला आणि तोही तेवढ्यातच विरला, तर टायमिंग चेनचा टेन्शनर. कारण तो बऱ्याच गाड्यांत ऑइलच्याच दाबावर चेन ताणून धरतो, आणि दाब येईपर्यंत चेन मोकळी. अशा वेळी आधी स्वस्तातली गोष्ट बघायची. ऑइल पातळीला आहे का, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच आहे का, आणि फिल्टर कसला आहे. अनेक फिल्टरांत रबराची एक झडप असते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत खाली जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. शंभर रुपये वाचवायला घेतलेल्या फिल्टरची झडप आठवडाभर नेटाने उभी राहील, ही अपेक्षा जास्त आहे.

किंकाळी फुटली आणि वीस-पंचविसाला थांबली, तर बेल्ट. सेल्फने बॅटरीचा बराच जीव घेतलेला असतो, ती भरून काढायला अल्टरनेटर जोर लावतो आणि सैल किंवा गुळगुळीत झालेला बेल्ट पुलीवर घसरतो. जुलैत, सगळं ओलसर असताना, आमच्या पार्किंगमध्ये या किंकाळ्यांची जुगलबंदी चालते. बेल्टवर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि आवाज लगेच बदलला, तर शंकाच नको.

काकांचे आकडे संपले, ते घरी जाऊन चहा घेऊन आले, तरी खालून घोगरी ठकठक चालू आहे आणि पाच-सात मिनिटांनी गाडी तापल्यावर हळूहळू मावळते आहे, मग पिस्टन. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बहुधा बिडाचा. अॅल्युमिनियम तापलं की जास्त फुगतं. तोवर झिजलेला पिस्टन सिलिंडरमध्ये थोरल्या भावाच्या चपला घातलेल्या पोरासारखा फटफट करत फिरतो. असं इंजिन वर्षानुवर्षंही चालतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा निसटत असली तरी असाच आवाज येतो आणि धातू फुगून फट बुजली की थांबतो. तिथे काजळीचा काळा ओघळ दिसतो, तेवढी खूण पुरे.

आणि एक आवाज उलट्या चालीचा. गार असताना कमी, तापल्यावर जास्त, रेस दिली की आणखी जड. तापून पातळ झालेलं ऑइल बेअरिंगमधली झीज झाकू शकत नाही, तेव्हाचा हा. या आवाजाला काका मोजत नाहीत. हात पुढे करून किल्ली मागतात.

आता दुरुस्तीचं बघा. चांगला मिस्त्री उल्हासनगरला, कॅम्प नंबर चारमध्ये. एके काळी लष्कराची छावणी, मग फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत, १९४९ पासून उल्हासनगर. रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी इथे मोडक्यातून चालतं करण्याची विद्या उभी केली. ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या आधीच्या पिढीपासून चालत आला आहे आणि तो सर्वांत रंगवून उल्हासनगरचेच लोक सांगतात. पण बदलापूरहून निघून अंबरनाथ ओलांडून, ट्रॅफिकमध्ये रांगत कॅम्प चार गाठेपर्यंत गाडी चांगली तापते. गॅरेजच्या दारात ती अशी काही शांत उभी राहते, की आपण तिच्यावर खोटा आळ घेतोय असं वाटावं.

“कुठे वाजतेय साहेब?”

मग आपण तोंडाने आवाज काढून दाखवायचा. हुद्द्याने बऱ्यापैकी वर गेलेली माणसं भर रस्त्यात ‘खर्र-टक-टक-टक’ करताना मी पाहिली आहेत. मिस्त्री दाद देतो; एखादा तर ‘जरा पुन्हा करा’ म्हणतो. सोसायटीतल्या पोराचा व्हिडिओ दाखवावा, तर त्यात इंजिनापेक्षा विमावाल्यांचंच मत जास्त स्पष्ट ऐकू येतं. शेवटी मिस्त्री म्हणतो, “रात्रभर इथंच ठेवा. सकाळी थंडी गाडी मीच चालू करतो.” जो हे न म्हणता लगेच पाना उचलतो, त्याच्याकडून गाडी परत घ्यावी असं माझं मत आहे.

शिवाय इंजिनाचे नसलेले आवाजही त्याच्याच नावावर खपतात. पावसाळ्यात आठवडाभर उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर गंजाचा तांबूस थर चढतो आणि पहिल्यांदा मागे घेताना खरखरतो. दोनदा ब्रेक दाबले की साफ. सीएनजीची गाडी पेट्रोलवर सुरू होऊन थोडी तापली की गॅसवर जाताना ‘टक्’ करते, तो तर तिचा हक्कच. नवीन गाडी सकाळी थोडा वेळ स्वतःच रेस घेते, त्यालाही लोक घाबरतात. पूर्वी हेच काम पद्मिनीत हाताने करावं लागे. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती गाडी चोक ओढल्याशिवाय सकाळी दाद देत नसे, आणि चोक परत आत ढकलायला विसरलं की काळा धूर सोडून गल्लीला कळवत असे. तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आता चोकची अक्कल कॉम्प्युटरला दिली आहे.

एका प्रसंगी मात्र किल्लीला हातच लावायचा नसतो. २६ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदी फुगली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढलं, ते देशभर दाखवलं गेलं. नदीकाठच्या इमारतींखाली बुडालेल्या गाड्यांकडे कुठला कॅमेरा वळणार! पाणी ओसरल्यावर काळजीपोटी सेल्फ मारून बघावासा वाटतोच. पण सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दबत नाही. पिस्टन त्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एकच ‘ठक्’. अशा वेळी बॅटरीची वायर काढायची आणि गाडी टो करून न्यायची. काका त्या सकाळी पार्किंगमध्ये लोकांच्या किल्ल्या गोळा करत फिरत होते.

माझ्या गाडीची खडखड काकांच्या मोजणीत चारला थांबायची. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, तरी चारच. म्हणून मीही ती कॅम्प चारला रात्रभर ठेवली. सकाळी मिस्त्रीचा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये होतो, आणि विठ्ठलवाडी सोडल्यावर कल्याणच्या आधी गाडी नेहमीप्रमाणे सिग्नलला थांबली होती. “ऐका साहेब, आता मारतो,” म्हणून त्याने फोन इंजिनापाशी धरला. हात हलवायला जागा नव्हती, फोन कानाला नेता येईना, स्पीकर लावला. चार सेकंद खडखड डबाभर घुमली.

“टेन्शनर,” दारातून कोणीतरी म्हणालं.

“कसला टेन्शनर? बेल्ट आहे बेल्ट,” खिडकीतले गृहस्थ डोळे न उघडता म्हणाले.

“बेल्ट चारला थांबतो होय?” हे बोललो मी, आणि अर्ध्या डब्याने माझ्याकडे आदराने पाहिलं.

“मारू का परत? पण आता गरम झाली साहेब, वाजायची नाही,” मिस्त्री ओरडला. “टेन्शनरच आहे. चेनकिट घालून टाकू?”

मी तोंड उघडायच्या आत बैठकीवरचे चौघे आणि उभे असलेले पंधरा जण एका सुरात म्हणाले, “आधी भाव विचार!”