पल्ल्याची पैज

जळगावहून धुळं म्हणजे एसटीनं फार तर अडीच तास. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, की आलंच. पण माझ्यात आणि धुळ्याच्या साडूभाऊंत जे अंतर आहे ते पाऱ्याचं. मी उन्हाळ्याचा अभिमानी, ते थंडीचे. मे महिन्यात पेपरात जळगाव-भुसावळचा आकडा चढला की मला मुलगा बोर्डात आल्यासारखं वाटतं. आणि जानेवारीत धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा उतरला की सकाळी सहाला त्यांचा फोन ठरलेला, "काय भो, स्वेटर घातला का?" जशी काही धुळ्याची थंडी त्यांनीच विणलीय.

2024 च्या संक्रांतीला हा वाद पैजेवर गेला. जानेवारी ते मे, दोघांनी आपापल्या गच्चीवर रोजचं कमाल-किमान लिहायचं. सगळ्यात मोठ्या आकड्यातून सगळ्यात लहान वजा करायचा. याला संख्याशास्त्रात पल्ला म्हणतात, आणि आपली पोरं रेंज म्हणतात. ज्याचा पल्ला मोठा तो जिंकला. हरणाऱ्यानं पुढच्या हिवाळ्यात बामणोदची वांगी घेऊन जिंकणाऱ्याच्या दारात यायचं आणि दोन्ही घरांना भरीत घालायचं.

मी बाजारातून डिजिटल यंत्र आणलं, पॉइंटाच्या पुढचाही आकडा दाखवणारं. साडूभाऊंकडे त्यांच्या वडिलांच्या वेळचा काचेचा तापमापक होता, इंग्रजी यू-सारखा वाकलेला, आत पाऱ्यानं ढकलल्या जाणाऱ्या दोन बारीक पिना. मी मनातल्या मनात हसलो.

एकतीस मेला हिशेब झाला. त्यांचे 46 वजा 6, म्हणजे 40. माझे 54.4 वजा 8.9, म्हणजे साडेपंचेचाळीस. साडेपाच अंशांनी विजय! कोणी म्हणेल, हिशेबात 54.4 धरताना हात थरथरला नाही का? नाही थरथरला. तो आठवडाच तसा होता. 29 मेला दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर 52.9 लागले होते, 30 मेला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 दाखवले. माझी गच्ची या दोघांच्या मधोमध, अगदी सभ्य जागी बसत होती. पुढे हवामान खात्यानं सांगितलं, दिल्लीतला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता आणि नागपूरचा तर बिघडलेलाच होता. तेव्हा मी पेपर घडी करून रद्दीत टाकला. पेपरवाल्यांचं सगळंच काय मनावर घ्यायचं!

वहीचे फोटो मात्र धुळ्याला गेले होते. तिथे भाचा अकरावी कॉमर्सला. त्याचा फोन आला.

"काका, 17 मेला तुम्ही कुठे होतात?"

"घरीच की."

"जिवंत?"

मग त्यानं विचारलं की आदल्या दिवशी 44.9 आणि दुसऱ्या दिवशी 45.0 असताना मध्येच 54.4 कसे? मी यंत्रातली साठवलेली नोंद काढली. 45.4. आकड्यांची अदलाबदल! आणि माझ्यासारख्याला हे कळू नये? चौतीस वर्षं बँकेत काढली मी. संध्याकाळी टॅली लागली नाही की पहिल्यांदा फरकाला नवानं भागायचं, भाग गेला की समजायचं कोणीतरी दोन आकडे उलटे लिहिलेत. 54.4 वजा 45.4, बरोब्बर नऊ. या एका नवापायी मी कित्येक कॅशियरांना आठ-आठ वाजेपर्यंत बसवून ठेवलंय. त्यांचे तळतळाट गच्चीपर्यंत पोचले असणार.

चूक दुरुस्त केली. आता 17 तारखेचे 45.4 निदान शिखरावर तरी राहतील? तेही नाही. 25 मेचे 46.1 निमूटपणे दुसऱ्या नंबरावर उभे होते, ते गादीवर जाऊन बसले. पल्ला 37.2. साडेपाचांनी जिंकलेला मी जवळजवळ तीनांनी हरलो.

भाच्याला माझी दया आली असावी. म्हणाला, "काका, मे महिन्याची कमाल तापमानाची सरासरी अर्ध्या अंशानंसुद्धा हलली नाही. नऊ भागिले एकतीस, 0.29. मध्यक तर जिथल्या तिथे." म्हणजे एकतीसातले तीस दिवस माझ्या बाजूनं, पण पैज पल्ल्याची! मी गच्चीवर गेलो तर बायको कपडे वाळत घालत होती. तिच्या दोरीकडे पाहिलं आणि पल्ल्याचा स्वभाव कळला. दोरी किती लांब ते दोन टोकांचे खिळे ठरवतात. मधल्या सदऱ्याला इकडे सरकवा, तिकडे सरकवा, दोरीला त्याचं काही नाही. खिळा उपटला की मात्र सगळी धुणी अंगावर.

सदऱ्याचा अनुभवही आला. वहीत आणखी एक चूक निघाली, 9 मेला 42.3 च्या जागी 43.2. ही मी स्वतः होऊन कळवली, प्रामाणिकपणाचे काही गुण मिळतील म्हणून. पल्ला ढिम्म हलला नाही.

मग सांत्वनासाठी मोठ्या माणसांच्या चुका शोधू लागलो आणि लीबियातलं अल अझीझिया सापडलं. तिथे 13 सप्टेंबर 1922 ला 58 अंश नोंदले गेले आणि नव्वद वर्षं तो जगाचा विक्रम होता. 2012 मध्ये जागतिक हवामान संघटनेनं तो रद्द केला. नोंद घेणारा नवखा होता आणि यू-सारख्या तापमापकातल्या पिनेचं भलतंच टोक वाचत होता, असा निष्कर्ष निघाला. चूक सुमारे सात अंशांची! गादीवर आली कॅलिफोर्नियाची डेथ व्हॅली, 10 जुलै 1913 चे 56.7. अंटार्क्टिकातल्या व्होस्टोकचे उणे 89.2 खाली धरले, तर सगळ्या पृथ्वीचा पल्ला 147.2 वरून 145.9 वर आला. अख्ख्या पृथ्वीचा गेला सव्वा अंश, माझा एकट्याचा आठ!

डिसेंबरात वांग्यांचं पोतं एसटीत टाकून धुळं गाठलं. अंगणात पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, मुसळीनं ठेचली, कांद्याची पात आणि शेंगदाणे पडले. कळण्याची भाकरी मेव्हणीनं केली, कारण पैजेत भाकरीचं कलम नव्हतं. पहिला घास घेतो तोच साडूभाऊ उठले. "थांबा, आजचं किमान दाखवतो तुम्हाला." मीही मागोमाग गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, काचेला नाक लावलं आणि पिनेच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं.

"सात!"

पिनेचं पाऱ्याकडचं, म्हणजे खालचं टोक दहावर होतं.

"नेहमी असंच बघता?" मी विचारलं.

"दोन्हीकडे. वडिलांनी शिकवलंय."

पीन तीन अंशांची. उन्हाळ्याकडून तीन वजा, थंडीकडून तीन वजा. चाळिसाचे झाले चौतीस, माझे 37.2. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून मेव्हणीची हाक आली, भाकरी निवतेय म्हणून.

म्हटलं, आधी भरीत संपू दे.