कौशांबीचं भांडण

ध्यानाला बसायला हॉस्टेलइतकी गैरसोयीची जागा नाही. पुण्यात आमच्या हॉस्टेलवर तरीही साधनेचं मंडळ निघालं. काढणारा इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आला होता. पहाटे चारची घंटा, मोबाइल जमा, आर्य मौन, हे सगळं तो सीमेवरून सुट्टीला आलेल्या जवानाच्या थाटात सांगे. तोंड मिटून बसल्याचं व्याज त्याने आमच्या कानांतून वसूल केलं.

मंडळात तीन तऱ्हेचे साधक होते. काहींचं नुकतंच ब्रेकअप झालेलं. काही एमपीएससीवाले, त्यांना एकाग्रता तातडीने हवी होती, निर्वाण मुलाखतीनंतर मिळालं तरी चाललं असतं. तिसऱ्या तऱ्हेत एकटा नांदेडकर. त्याचे आजोबा बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. त्रिसरण-पंचशील त्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं. इगतपुरीवाला त्यालाही बुद्ध समजावून सांगायचा आणि तो निमूट ऐकून घ्यायचा. आमच्यात समता साधलेला तो एकच.

सुरुवात आनापानाने. नाकाच्या दारात येणारा-जाणारा श्वास नुसता जाणायचा, त्याला वळण लावायचं नाही. अडचण एवढीच, की हॉस्टेलवर श्वासाबरोबर पलंगाखालचे मोजेही आत येतात. तेही जाणायचे. द्वेष करायचा नाही.

इतकं सोसून मंडळ मोडायला आलं ते बादलीवरून. कोणीतरी बाथरूममध्ये अर्धी बादली पाणी तसंच सोडून गेलं. इगतपुरीवाला म्हणाला, शीलभंग. एमपीएससीवाले म्हणाले, हेतू नसेल तर दोष नाही. तट पडले, दोन व्हॉट्सॲप ग्रुप झाले. दोन्हींचं नाव ‘मैत्री’.

तेव्हा नांदेडकर हसत सुटला. "अरे, हे तर कौशांबीचंच भांडण!"

अट्ठकथेतली, म्हणजे पाली टीकाग्रंथातली, ही गोष्ट त्याला आजोबांनी सांगितलेली. कौशांबीत एका भिक्खूने शौचालयाच्या भांड्यात उरलेलं पाणी तसंच ठेवलं. विनय जाणणारे एकीकडे, धम्म जाणणारे दुसरीकडे. हेतू होता की नव्हता, हा वाद तिथेही झाला. खुद्द बुद्ध मिटवायला गेले, तर भिक्खू म्हणाले, भगवंतांनी निवांत राहावं, आमचं आम्ही बघतो. बुद्ध खरंच पारिलेय्यकच्या वनात निघून गेले. तिथे एका हत्तीने त्यांची सेवा केली. तो हत्तीसुद्धा कळपाला वैतागून आलेला. इकडे कौशांबीच्या उपासकांनी भिक्षा वाढणं बंद केलं आणि भिक्खूंना एकदम समेट सुचला.

"म्हणजे मेस बंद," एक एमपीएससीवाला गंभीरपणे म्हणाला.

मला वाटतं, तीन शरणांतली पहिली दोन त्या मानाने सोपी. बुद्ध तसबिरीत असतात, धम्म ग्रंथात. संघ मात्र तुमचा साबण वापरतो आणि ओला परत ठेवतो. डोळे मिटून जगावर करुणा करता येते. डोळे उघडल्यावर समोर रूममेट असतो.

रविवारी रात्री आमच्या मेसला सुट्टी. अख्ख्या मजल्यावर भाकरी-ठेच्याचा डबा एकच, नांदेडहून आलेला. डब्याचा धनी म्हणाला, दोन्ही पक्ष एका पंगतीत बसणार असाल तरच झाकण उघडतो.

बसलो. बादलीचा निकाल अजून लागायचाय.