तासाभराची नोकरी, साठ वर्षांची पेन्शन

पाव मैल म्हणजे 1320 फूट, आपल्या मापात जेमतेम चारशे मीटर. ड्रॅग रेसचा सगळा संसार एवढ्यातच. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि दोघी नाकासमोर सुटतात. वळण नाही, घाट नाही. वेग आवरायला मागे पॅराशूट उघडतं. साठच्या दशकातल्या अमेरिकेत तगड्या ड्रॅगस्टरला या कामाला सात-आठ सेकंद पुरत. मी सहज हिशेब मांडला. अशी गाडी जन्मात पाचशे वेळा धावली असं धरलं, तरी एकूण धावणं तासाभराचं. तासाभराची नोकरी आणि पुढे साठ वर्षं पेन्शन! सरकारी खात्यातही एवढं भाग्य कुणाच्या वाट्याला आल्याचं ऐकिवात नाही.

वाद आहे तो या पेन्शनीवरूनच. अशी जुनी गाडी हाती लागली, तर तिला पुन्हा पळवायची की पुसूनपासून ठेवायची?

पळवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं रोखठोक असतं. पळण्यासाठीच जन्मलेलं यंत्र दोरीआड ठेवणं म्हणजे शोकेसमधल्या चांगल्या कपबश्या. पाहुणे येतात, चहा पिऊन जातात, कपबश्या आपल्या जागी. शिवाय 'मूळ' गाडी शिल्लक तरी कुठे असते? शर्यतीच्या दिवसांत इंजिन फुटायचं, दुसरं बसायचं. हंगाम संपला की सांगाडा विकून टाकायचा, नाहीतर कापून बदलायचा. जपणारा माणूस नेमकी कोणत्या रविवारची गाडी जपणार?

हे सगळं पटतं. पण त्या गाडीत बसायचं कुठे, ते एकदा बघावं. इंजिन पुढे, चालक मागे. तोही मागच्या आसाच्या पलीकडे, पाय आसावरून पुढे टाकून. फिरणारं सगळं लोखंड पायांपाशी. 8 मार्च 1970 रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. दुसऱ्या कुणी किराणा दुकान टाकलं असतं. यांनी इंजिन उचलून पाठीमागे नेलं आणि 1971च्या आरंभी पोमोनाची शर्यत जिंकली. पुढच्या काही वर्षांत जुनी बांधणी बाद झाली. सांगाड्याच्या साठ वर्षांच्या नळ्यांवर भरवसा ठेवून पुन्हा तसे पाय टाकून बस, असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

अमेरिकन मंडळींनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. बेकर्सफील्डजवळच्या फमोसो ट्रॅकवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तिथे 2000 साली 'कॅकलफेस्ट' सुरू झाला. या गाड्यांना स्टार्टर नाही, म्हणून मागून दुसरी गाडी लावून ढकलत आणायचं. इंजिन पेटलं की रांगेत उभं करायचं आणि जागच्या जागी गरजू द्यायचं. इंधन नायट्रोमिथेन. त्याच्या पोटातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते पेट्रोलच्या कितीतरी पट ओतता येतं आणि अंधारात एकेका एक्झॉस्टमधून जाळ उभा राहतो. डोळे झोंबतात, नाक वाहतं, छाती थडथडते. माणसं डोळे पुसतात आणि आणखी पुढे सरकतात. धावायचं नाही, ओरडायचं मात्र पोटभर. पेन्शनरांना याहून चांगली सोय कोणती? ज्यांना शर्यतच हवी, त्यांच्यासाठी तिथेच मार्च मीट असते. जुन्या घाटाच्या, पण आजचे सुरक्षेचे नियम पाळून बांधलेल्या गाड्या तिथे खुशाल पळवाव्यात.

गार्लिट्स यांनी स्वतः फ्लोरिडात ओकालाजवळ ड्रॅग रेसचं म्युझियम काढलं. 'स्वॅम्प रॅट' मालिकेतली आपली तिसावी गाडी त्यांनी 1987मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयाला दिली. आपण मात्र काचेआड बसायला तयार नव्हते. 2014मध्ये, वयाच्या 82व्या वर्षी, त्यांनी विजेवर चालणाऱ्या ड्रॅगस्टरमधून ताशी 184 मैलांचा वेग गाठला. या गाडीला ना जाळ, ना गर्जना. उद्या तीही म्हातारी होईल, तेव्हा कॅकलफेस्टच्या रांगेत उभी करून तिचं ऐकणार काय? तिला पळवावंच लागेल.