सेक्रेटरींचं ‘नंतर’

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या, कुंपणाजवळ. तुळशीला पाणी नंतर घाला! काल सोसायटीच्या सभेला तुम्ही नव्हतात ना? फार चुकवलंत हो.

आपले सेक्रेटरी... नाव नको घ्यायला, ऐकायचे ते. तर रंगकामाचा सगळा हिशोब त्यांनी लॅपटॉपवर केलेला. पडदा लागला, समोसे आले, खजिनदारांनी घसा खाकरला. आणि लॅपटॉप सुरू होतोय तर काय, ठिपके आपले गोल गोल फिरतायत! ‘अपडेट चालू आहे, ३० टक्के. कॉम्प्युटर बंद करू नका.’ बिचारं ते मशीन किती दिवस सांगत होतं, रीस्टार्ट करा, रीस्टार्ट करा. हे दर वेळी ‘नंतर’ दाबून मोकळे!

समोरच्या काकू सोडतात होय? मोठ्यानं म्हणाल्या, “मेंटेनन्स दोन दिवस उशिरा दिला की दंड लावतात, तेव्हा नाही यांचं ‘नंतर’!” सेक्रेटरींचा चेहरा... भाजताना पापड कसा वळतो, अगदी तस्सा.

तर काय सांगत होते... हां. पाव तास झाला तरी तीसच. शेवटी सेक्रेटरी उठले तरातरा नि बटण दाबणार, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचा जावई ओरडला, “काका, हात लावू नका!” तो हिंजवडीत आहे ना, कॉम्प्युटरमध्येच. म्हणाला, डाउनलोड आपण काम करत असताना गुपचूप होऊन बसतं. पण चालू असलेल्या फायली बदलता येत नाहीत, म्हणून रीस्टार्ट लागतो. “मिक्सर फिरताना पातं बदलता का, मावशी?” हे मला विचारतो! मध्येच बंद केलं तर अर्ध्या फायली जुन्या, अर्ध्या नव्या, मग मशीन उठेलच असं नाही.

फोनचं बरं असतं म्हणे. २०१६च्या अँड्रॉइड सातपासून पुष्कळ फोनांत दोन खोल्या असतात. आपण एकीत बसून गप्पा मारतो, नवं सामान दुसरीत लागतं. रीस्टार्ट म्हणजे नुसतं बिऱ्हाड हलवणं! नव्या खोलीत काही बिघडलं तर परत जुनीत. केवढी सोय बाई... माझ्या सासरी नव्हती.

पण सेक्रेटरी ऐकतात होय! म्हणाले, “अपडेटनंच तर जुलै २०२४मध्ये विमानं अडकली! बोर्डिंग पास हातानं लिहिले लोकांनी!” सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. जावई शांतपणे म्हणाला, ते विंडोजचं अपडेट नव्हतंच, क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीची सदोष फाइल होती. एकदम सगळीकडे सोडली नि ८५ लाख कॉम्प्युटर आडवे. म्हणूनच शहाणे लोक अपडेट आधी थोड्यांना देतात, मग बाकीच्यांना. (माझ्या नणंदेला आधी मिळालं नि मला नाही, त्याचं कोडं तेव्हा सुटलं. मी उगाच आठ दिवस धुसफुसले.) वर म्हणाला, “काका, २०१७चा वॉनाक्राय व्हायरसचा हल्लाही आठवा. दुरुस्ती मार्चमध्ये आलेली, तडाखा बसला मेमध्ये, तो ‘नंतर’वाल्यांना.” तेव्हा ब्रिटनमध्ये ऑपरेशनं पुढे ढकलली होती बघा. सेक्रेटरींनी समोसा तोंडात कोंबला.

आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं कळलं का? व्हॉट्सअॅपवर ‘बँकेचं अॅप लगेच अपडेट करा’ म्हणून एपीके, म्हणजे अॅप बसवायची फाइल आली. फोन विचारतोय, अनोळखी ठिकाणची आहे, घेऊ का? हे ‘हो’ म्हणायला निघालेले! सुनेनं हातातून फोन काढून घेतला. खरं अपडेट कंपनीची डिजिटल सही घेऊन येतं, सही जुळली तरच फोन ते लावतो. अॅपचं असेल तर प्ले स्टोअरमधून घ्या, फोनचं असेल तर सेटिंगमधून. तिसरं दार चोराचं.

सभेचं काय विचारता... समोसे संपले तेव्हा झाले शंभर टक्के. हिशोब दिसला पडद्यावर, आणि रंगाच्या बिलात... नको, ते उद्या सांगते.

पण अहो, तुमच्या सेटिंगवरचा तो लाल ठिपका गणपतीपासून बघतेय मी. आज रात्री वायफाय चालू ठेवा, फोन चार्जिंगला लावा नि त्याला एकदाचं ‘हो’ म्हणा बघू.